चुन्जाताईची पाठवणी

सुन्दोक माएंग बुसानमधल्या आमीदोंगच्या टेकडीवर आली तेव्हा तिच्या पुढे तिची सासू चालत होती आणि पाठीला तान्हं पोर बांधलेलं होतं. नवरा नव्हता. लढाईतून पळताना, उत्तर कोरियातल्या हुंगनामच्या धक्क्यावर बोटीत चढताना गर्दीत त्याचा हात सुटला, तो सुटलाच. पोर त्याच बोटीच्या डेकवर जन्मलं. वाटेत झालं म्हणून त्याचं नाव गिल्नाम. गिल म्हणजे वाट.

मी त्यांच्या आधी थोडेच दिवस टेकडीवर पोचले होते, पण त्या थंडीत तेवढ्यावरही माणूस जुना रहिवासी व्हायचा. छावणीच्या मुकादमाने नेमून दिलेली जागा मीच त्यांना दाखवली. सासू कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"ही कबर आहे."

"आजी, इथे सगळ्या कबरीच आहेत. जपान्यांचं स्मशान होतं हे. ते त्यांच्या देशी गेले, आपण इथे आलो."

म्हातारीने चौथऱ्याची दगडी कड काठीने ठोकून पाहिली. चारही बाजू सरळ, कोपरे काटकोनात, एक दगड हलेल तर शपथ. "आपल्या गावी जिवंत माणसाच्या घराला असा पाया नसतो," ती म्हणाली. "सूनबाई, सामान उतरव."

सामान म्हणजे एक पातेलं आणि एक रजई.

त्या हिवाळ्यात बुसानमध्ये माणसं मावत नव्हती, मग लाकूड-विटा कुठून मिळणार? जो तो हाताला लागेल त्याचं घर करत होता. सुन्दोक सकाळी पोराला सासूकडे देऊन बंदरावर जायची आणि येताना काहीतरी ओढत आणायची. दारूगोळ्याच्या पेट्यांच्या फळ्या, अमेरिकन शिध्याची पुठ्ठ्याची खोकी, कापून सपाट केलेले बिअरचे डबे, डांबरी कागदाचे तुकडे. फळ्यांच्या भिंती झाल्या, भिंतींना आतून खोकी ठोकली, डबे खवल्यांसारखे छपरावर बसवले. वारा सुटला की ते सगळे एकदम वाजायचे. सासू म्हणायची, "माझ्या सुनेने घर नाही बांधलं, मासा बांधलाय." पण शेजारणींना सांगायची तेव्हा म्हणायची, "माझ्या सुनेचा हात बघा."

जमिनीचं मात्र कठीण होतं. आमच्याकडे घर उबतं ते जमिनीतून. चुलीचा धूर जमिनीखालच्या पोकळ्यांमधून फिरवायचा, वर सपाट दगड टाकायचे, त्यावर माती लिंपायची आणि तेल पाजलेला कागद चिकटवायचा. त्यासाठी दगड हवेत चांगले रुंद, आणि टेकडीवर तसे दगड एकाच प्रकारचे होते. माझ्या स्वतःच्या उंबऱ्याखाली कुणा व्यापाऱ्याचं नाव कोरलेलं होतं. सगळ्यांनी तेच केलं होतं. कोणी पायरीला, कोणी भिंतीला, कोणी किमचीच्या रांजणावर वजन म्हणून.

सुन्दोकला तिच्याच चौथऱ्याच्या कोपऱ्यात एक लहान दगड सापडला, उभा केला तर गुडघ्यापर्यंत येईल एवढा. तिने तो धुतला आणि दाराशी पायरी म्हणून टाकायला घेतला, तर अक्षरं वर आली. तिला वाचता येत नव्हतं. म्हातारी मात्र गावच्या पंतोजीची मुलगी, चिनी अक्षरं तिला यायची. तिने वाकून बोट फिरवत वाचलं आणि बराच वेळ सरळ झाली नाही.

"काय लिहिलंय, आई?"

"मुलगी आहे. सहा वर्षांची."

नाव होतं दोन अक्षरांचं, वसंत आणि कन्या. जपानी ते हारुको वाचतात, आपण चुन्जा. अक्षरं तीच. म्हातारीला जपानी उच्चार ठाऊक असला तरी ती तो तोंडातून काढणार नव्हती, त्यामुळे मुलगी चुन्जा झाली.

सुन्दोक दगडाशेजारी उकिडवी बसली आणि म्हणाली की हिच्यावर पाय देऊन मी रोज आत-बाहेर करायचं, हे माझ्याच्याने होणार नाही. म्हातारी करवादली. दगड दुसरा नाही, पोर गारठतंय, आणि तुला नखरे सुचताहेत. मग पाठ फिरवून चुलीशी काहीतरी खुडबुडत राहिली आणि तिकडूनच म्हणाली, "चुलीच्या तोंडाशी टाक तिला. तिथे ऊब जास्त असते. लहान पोर आहे, कुडकुडत असेल."

तसा तो दगड घरातल्या सगळ्यांत उबदार कोपऱ्यात, जिथे घरातल्या थोराला किंवा आजाऱ्याला निजवतात तिथे, मातीखाली गेला. अक्षरं खाली, चुलीकडे. वर कागद लागल्यावर काही दिसेना.

पुढच्याच वसंतात टेकडीवर गोवर आला. आमच्या गल्लीतून एकापाठोपाठ एक लहान गाठोडी बाहेर गेली. गिल्नाम पुरळाने फुलला, लालबुंद झाला आणि मग त्याने रडणंच सोडलं. डॉक्टर नव्हता. सुन्दोकने त्याला त्या कोपऱ्यात निजवलं, आणि म्हातारी जमिनीवर तळहात ठेवून दटावणीच्या सुरात बोलत बसली. "चुन्जा, हा तुझा भाऊ. तू थोरली आहेस. याचा हात धरून ठेव. तिकडे आला तर परत पाठव." मी भाताची पेज घेऊन गेले होते, दारातच थांबले. एवढी खाष्ट बाई, पण तिचा आवाज त्या दिवशी नातीशी बोलावं तसा होता.

पोर वाचलं. गोवरातून पोरं वाचतातही, त्याला कारण लागत नाही. पण त्या घरात कारण ठरून गेलं. शरदातल्या पौर्णिमेला पितरांपुढे पान मांडलं की शेजारी एक छोटी वाटी वेगळी असायची, वर भोपळ्याची गोड वडी. गिल्नाम बोलायला लागला तो 'चुन्जाताई' म्हणतच. काही फुटलं-सांडलं की बोट जमिनीकडे दाखवायचा, "मी नाही, चुन्जाताईने." म्हातारी म्हणायची, "तिला मार बसत नाही म्हणून तिच्या नावावर खपवतोस होय?"

म्हातारी गेली तेव्हा गिल्नाम शाळेत वरच्या वर्गात होता. जाताना तिने सुनेला दोनच गोष्टी सांगितल्या. माझा मुलगा आला तर त्याला आधी जेवू घाल, मग रडा. आणि दुसरी, कोपरा गार पडू देऊ नकोस.

घर बदलत गेलं. पुठ्ठे जाऊन सिमेंटच्या विटा आल्या, डब्यांचं छप्पर जाऊन पत्रे आले. सुन्दोकची सवय काही गेली नाही. शहरात कुठे काही पाडत असले की ती तिथे हजर. जुन्या बसची सरकती खिडकी तिने स्वयंपाकघराला बसवली होती, आणि तिच्या काचेवर 'डोके बाहेर काढू नये' असं लिहिलेलं होतं. ती त्यातूनच डोकं काढून माझ्याशी गप्पा मारायची.

गिल्नाम जहाजांच्या दुरुस्तीच्या गोदीत लागला. कमावता झाला, लग्नाचा झाला आणि त्याला घराची लाज वाटायला लागली. सोयरीक बघायला मुलीकडचे येणार होते. तो म्हणाला, आपण जमीन नवी करू, गरम पाण्याचे नळ टाकू, आणि तो दगड उचलून कुठेतरी ठेवून देऊ. सुन्दोक भाजी निवडत होती. मान वर न करता तिने विचारलं, "कुठेतरी म्हणजे कुठे?"

"कुठेही. आई, लोक हसतात. थडग्यावर झोपणारे म्हणतात आपल्याला."

"मग झोपतोच की आपण."

"आई, ती माझी बहीण नाही. तो दगड आहे."

सुन्दोक त्याला रागावली नाही. पुढच्या खोलीत नळ टाक म्हणाली, मागच्या खोलीला हात लावू नकोस म्हणाली. मुलीकडचे आले, पुढच्या खोलीत बसले, चहा पिऊन गेले. लग्न झालं. सून आली ती मोठी मोकळ्या मनाची निघाली. पहिल्याच सणाला तिने न सांगता चुन्जाची छोटी वाटी मांडली. गिल्नामने त्या वाटीकडे पाहिलंही नाही. लहानपणी 'ताई, ताई' करणारा तो, मोठा झाल्यावर त्याने तिचं नाव घ्यायचंच सोडून दिलं होतं. सुन्दोकला ते लागायचं. माझ्याजवळ एकदा म्हणाली, "लहानपणच विसरतात मुलं. आपण विसरत नाही, हा आपला गुन्हा."

सेऊलला ऑलिंपिक व्हायचं होतं त्याच्या आदल्या वर्षी, वसंतात, वरच्या देवळातले भिक्षू एका म्हाताऱ्या जपानी बाईला घेऊन गल्लीत आले. बाई आमच्याच वयाची, राखाडी कोट, हातात कापडी पिशवी. भिंती बघत चालली होती. भिंतीत बसवलेल्या दगडांवरची अक्षरं वाचायची, मान हलवायची, पुढे जायची. दारं पटापट लागली. लोकांच्या मनात एकच होतं, ही आता दगड मागणार, आज एक नेला की उद्या दहा जण येतील, मग आपल्या भिंती राहणार कशावर? माझ्या नवऱ्यानेही उंबऱ्यावर पोतं टाकलं आणि त्यावर बसून राहिला.

भिक्षूंनी मला हाक मारली, कारण मला जपानी यायचं. जपानी राजवटीत शाळेत छड्या खाऊन शिकलेली भाषा, चाळीस वर्षांत तोंडातून काढली नव्हती. बाईंचं नाव किकुए. त्या याच शहरात जन्मलेल्या. थोरली बहीण घटसर्पाने गेली, तिला या टेकडीवर ठेवलं होतं. युद्ध हरल्यावर घाईघाईत निघताना आईने राखेचं मडकं उकरून पोटाशी बांधून नेलं, पण दगड मागे राहिला. आई अजून आहे. तिचं बाकी सगळं पुसट झालंय, पण जरा गार वारा सुटला की ती एकच धोशा लावते. पोरीचं नाव त्या डोंगरावर एकटं उघड्यावर आहे.

"बहिणीचं नाव काय?" मी विचारलं.

"हारुको."

मी वळून सुन्दोकच्या दाराकडे बघितलं. ती बसच्या खिडकीतून डोकं काढून सगळं ऐकत होती. जपानी तिला कळत नव्हतं, पण माझा चेहरा कळला.

"हेसुकची आई," माझ्या लेकीच्या नावानेच ती मला हाक मारायची, "काय म्हणतेय ती?"

"चुन्जाची बहीण आहे."

सुन्दोकने खिडकी लावून घेतली. मला वाटलं, झालं, ही पण दार लावणार. पण दार उघडलं आणि ती चपला न घालताच गल्लीत आली. किकुएंच्या बाहीला धरून त्यांना आत घेऊन गेली, मागच्या खोलीत, त्या कोपऱ्यात बसवलं, आणि त्यांचा हात धरून जमिनीवर टेकवला. चूल पेटलेली होती. कोळशाची वडी नुकतीच बदलली होती. जमीन चांगली तापलेली.

"सांग तिला," सुन्दोक मला म्हणाली. "ती उघड्यावर नव्हती म्हणावं."

मी सांगितलं. जमेल तसं, तोडक्यामोडक्या भाषेत सांगितलं. गोवराचं सांगितलं, वाटीचं सांगितलं, सासू काय म्हणाली ते सांगितलं. किकुए हात उचलेनात. दुसरा हातही त्यांनी शेजारी ठेवला आणि तशाच वाकून राहिल्या. त्या रडताहेत हे त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं. सुन्दोक उठली, स्वयंपाकघरातून सुरी आणली आणि जमिनीचा कागद कापायला लागली.

किकुए घाबरल्या. नको, घर मोडू नका, हात लावून झाला, मी आईला सांगेन, एवढं पुरे, असं म्हणायला लागल्या. मी सुन्दोकला ते सांगितलं.

"पुरे कसं? आई जिवंत आहे ना तिची?" सुन्दोक म्हणाली. "मग पोरीला घरी जायला नको?"

पण तिला तो दगड एकटीला उचलेना. मातीचा थर फोडून कड मोकळी केली, तशी ती बाजूला बसून राहिली आणि मग तिचेही डोळे वाहायला लागले. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. इतक्या वर्षांत तिने नवऱ्यासाठीही असं माझ्यासमोर रडून घेतलं नव्हतं. मला म्हणाली, "सीमेपलीकडे हामहुंगला माझं घर आहे. त्यात आज कोण राहतं, कोणास ठाऊक. जो कोणी असेल त्याने चूल चालू ठेवली असली म्हणजे झालं." हे किकुएंना सांगू का, असं विचारलं तर मान हलवली. सांग म्हणाली.

सुनेने गोदीत निरोप धाडला होता. गिल्नाम कामाच्या कपड्यांतच आला. खोलीतली उकरलेली जमीन, परकी बाई, रडणारी आई, सगळं बघून तो दारात उभा राहिला. मी त्याला थोडक्यात सांगितलं. तो बूट काढून आत आला, गुडघ्यांवर बसला आणि पहारीने दगड हळूहळू सैल केला. मग दोन्ही हात खाली घालून उचलला आणि उलटा करून रजईवर ठेवला.

अक्षरांची बाजू काजळीने काळीकुट्ट झाली होती. नाव दिसेना. गिल्नामने बाहीने पुसलं, तेव्हा कोरलेल्या खाचा तेवढ्या उमटल्या. तान्हेपणापासून तो ज्या दगडावर झोपला, त्यावरचं नाव तो पहिल्यांदाच बघत होता. त्याने बोट फिरवत वाचलं, आजीने वाचलं होतं तसंच, आणि म्हणाला, "आई, अगं, किती लहान आहे ताई."

कितीतरी वर्षांनी त्याच्या तोंडून ताई आलं. सुन्दोकने ऐकलं आणि तोंड पदराने पुसावं तसं एप्रनने पुसलं.

बोट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होती. त्या दिवशी त्या घरात लेकीची पाठवणी असावी तशी धांदल उडाली. सुन्दोकने भाताचे घट्ट उंडे केले, तीळ लावले, भोपळ्याच्या वड्या केल्या. नव्या रजईचं कापड काढलं आणि दगड त्यात लपेटला. सून म्हणाली, "आई, दगडाला रजई कशाला?" तर म्हणाली, "बोटीवर वारं असतं." गल्लीतली दारं एकेक करून उघडली होती. कोणी सुकी मासळी आणून दिली, कोणी लाल मिरचीची पूड. माझ्या नवऱ्याने उंबऱ्यावरचं पोतं उचललं आणि ते दगडाखाली घालायला दिलं.

गिल्नामने दगड पाठीवरच्या लाकडी घोडीला बांधला. टेकडीच्या पायऱ्या अरुंद आणि उभ्या, तो बेताने उतरत होता, आणि मागून आम्ही तिघी बायका. मध्येच थांबून त्याने घाम पुसला.

"जड आहे का रे?" सुन्दोकने विचारलं.

"जड कशी नसेल? इतकी वर्षं घरातलं सगळं तिच्याच नावावर खपवलंय मी."

मी ते किकुएंना जपानीत सांगितलं. त्या पहिल्यांदाच हसल्या.

धक्क्यावर दोघींनी एकमेकींचे हात धरले. एकीची भाषा दुसरीला येत नव्हती आणि त्या क्षणी मलाही दुभाषीपण नकोसं झालं होतं. बोट सुटली. सुन्दोकच्या आयुष्यातली धक्क्यावरची ही दुसरी ताटातूट, पण या वेळी कोण कुठे चाललंय ते तिला ठाऊक होतं.

काही आठवड्यांनी किकुएंनी देवळात फोन केला आणि मला बोलावून घेतलं. आईच्या गादीशेजारी दगड ठेवला, म्हणाल्या. आईने हात फिरवला, हाताला काळं लागलं, तर विचारलं हे काय. चुलीची काजळी आहे म्हटल्यावर म्हातारीने हात नाकाशी नेऊन वास घेतला. नंतर घरातलं कोणी दगड धुवायला निघालं तर आईने धुवू दिला नाही. आता ती थंडीचं काही बोलत नाही, गाढ झोपते. हे मी सुन्दोकला सांगितलं तेव्हा ती किमचीसाठी कोबीला मीठ चोळत होती. चोळता चोळताच म्हणाली, "बरं झालं. काजळी जातही नाही लवकर."

मागच्या खोलीत भोक राहिलं होतं. गिल्नाम म्हणाला, आता तरी नळ टाकू. तिने ऐकलं नाही. बाजाराजवळचं जुनं सार्वजनिक न्हाणीघर पाडत होते, तिथून ती एक घोटीव दगडी पायरी घेऊन आली. गिल्नामने कपाळाला हात लावला, पण बसवली त्यानेच. मी तिला चिडवलं की आता झोपायला अख्ख्या वस्तीच्या पायाखाली जाणार तू. ती म्हणाली, "एवढी माणसं त्यावर अंग धुऊन, हसूनखिदळून गेलीत. वाईट काय आहे त्यात?" पहिले काही दिवस तिला त्या कोपऱ्यात झोप लागली नाही. मग नातवंडं तिथे लोळायला लागली आणि ती रुळली.

नवऱ्याची वाट तिने शेवटपर्यंत सोडली नाही, पण त्याबद्दल बोलणं सोडलं. पुढे एका पानगळीत, दुपारी जेवून कलंडली ती उठलीच नाही. जमीन गरम होती, त्यामुळे सुनेला बराच वेळ कळलंही नाही.

ती गेल्यावर गिल्नामने खालच्या भागात घर घेतलं आणि हे घर उतरवलं. उतरवलं म्हणते, पाडलं म्हणत नाही, कारण तो स्वतः आठवडाभर एकेक वस्तू सोडवत होता आणि शेजाऱ्यांना विचारत होता, हे कोणाला हवंय का, ते कोणाला हवंय का. पत्रे कोपऱ्यावरच्या चांभाराने नेले. मी स्वयंपाकघराचं दार घेतलं, कुठल्याशा जहाजाच्या केबिनचं, जाड सागवानी. हवा दमट झाली की ते फुगतं आणि जरा उचलून ढकलावं लागतं. परवा हेसुक आली होती. म्हणाली, आई, तुझ्याच्याने हे दार उघडत नाही आता, नवीन बसवू. मी म्हटलं बसव, पण हे टाकू नकोस, संडासाला दार नाहीये धड.